सावलीतलं बोअर

सरांच्या तेराव्याला त्यांच्या पुण्याच्या मेहुण्यांनी मला विचारलं, "अंत्ययात्रेला किती माणसं जमली होती हो?" मी सहज बोलून गेले, "दोनशे असतील. वीस कमी-जास्त." बोलले आणि माझं मलाच हसू फुटलं. तेराव्याच्या पानावर बसून हसणं बरं दिसतं का? मी पटकन ओढणी तोंडाला लावली. मेहुण्यांना वाटलं, पोरीला हुंदका आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा आधी आणखी हसू आलं आणि मग खरोखरच रडू आलं. पलीकडे वाढत असलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, खाली वाकून हळूच विचारलं, "कमी-जास्त म्हणालीस ना?" मी मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक लाडू टाकून पुढे गेल्या.

सरांनी आयुष्यात कुठलाही आकडा एकटा घराबाहेर सोडला नाही. वेळ विचारली तर "सव्वादहा, दोन मिनिटं कमी-जास्त." पुण्याला पोचायला किती वेळ लागेल, तर "दीड तास, रस्त्यावरची गर्दी धरून अर्धा तास कमी-जास्त." मतदारयादीचं काम करणाऱ्या एक बाई बंगल्यावर आल्या होत्या. त्यांनी वय विचारलं. सर म्हणाले, "एकसष्ट." बाई लिहायला लागल्या तर म्हणाले, "थांबा. आमच्या आईला तारीख आठवत नव्हती, शाळेत मास्तरांनी अंदाजाने लावली. एक वर्ष कमी-जास्त लिहा." बाई म्हणाल्या, तसा रकाना नाही. सर म्हणाले, "मग रकाना चुकला." पाऊण तास वाद चालला. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "बाई, एकसष्ट लिहा आणि निघा. मी साक्षीदार आहे."

आमचं काम मातीचं. म्हणजे कुणाला इमारत बांधायची, कंपनीची शेड टाकायची, पाण्याची टाकी उभी करायची, की आधी आम्हाला बोलवायचं. लोणावळ्यात सरांच्या बंगल्यामागे पत्र्याची शेड होती, तीच लॅब. मी डिप्लोमा करून तिथे लागले ती पुढची कितीतरी वर्षं तिथेच राहिले. जागेवर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं करायचं, जमिनीत भोक पाडायचं, त्यात नळी उभी करायची आणि ठरलेल्या उंचीवरून तिच्यावर जड घण सोडायचा. नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त तर जमीन घट्ट, कमी तर पोचट. त्या भोकाला आमच्यात बोअर म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, आणि सोपंच आहे. भानगड पुढे असते. चार ठिकाणी बोअर घेतलं की चार वेगळे आकडे येतात, आणि माती तर सगळीकडे एकसारखीच दिसत असते.

बाकीचे लोक अशा वेळी सरासरी काढतात आणि घरी जातात. सरांपुढे कुणी सरासरी हा शब्द काढला की त्यांचे कान लाल व्हायचे. तळेगावच्या एका कंपनीचे इंजिनिअर एकदा रिपोर्ट घेऊन तणतणत आले. "साहेब, ह्यात तुम्ही प्रत्येक ठिकाणी अमुक ते तमुक लिहिलंय. मला एक आकडा द्या ना!"

"कुठला देऊ?" सरांनी विचारलं.

"सरासरी द्या."

कान लाल झाले. सर म्हणाले, "तुमच्या घरात एक माणूस सहा भाकऱ्या खातो आणि दुसरा उपाशी झोपतो. सरासरी तीन. आता घरी जा आणि त्या उपाशी माणसाला समजावून सांगा की बाबा रे, तू तीन भाकऱ्या खाल्ल्यास." इंजिनिअर बिचारा एकटाच राहायचा, डबा लावून. तो म्हणाला, "सर, माझ्या घरात मी एकटाच आहे." सर म्हणाले, "मग तुम्हाला हे कळायला वेळ लागेल."

हे वेड कामापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण चिक्की घ्यायला गेले तरी सर एका ताटातली घेत नसत. तीन वेगवेगळ्या ताटांतले तुकडे मागायचे, दुकानातच उभे राहून चावायचे आणि मालकाला सांगायचे, "मधल्या ताटात गूळ कडक झालाय. ग्राहकाला मधलं ताट मिळालं तर त्याच्या लेखी तुमचं सगळं दुकान कडक." मालकाने पुढे त्यांना येताना पाहिलं की पोतंभर शेंगदाणे मोजायला घेतल्याचं सोंग करायला सुरुवात केली.

माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं, तेव्हा मुलाकडचे लॅबवरच आले. माझे वडील नोकरीवर होते आणि सर म्हणजे वडिलांच्या जागी, म्हणून बोलणी त्यांच्यासमोर. मुलगा सरळ होता, रेल्वेत होता. सरांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. विचारलं, "राग किती येतो?"

मुलगा म्हणाला, "तसा शांत आहे मी. एरवी नाही येत."

"एरवीचं राहू द्या. जास्तीत जास्त किती येतो ते सांगा. माणूस एरवी कसा आहे ह्यावर संसार चालत नाही, सगळ्यात वाईट दिवशी कसा आहे त्यावर चालतो."

मुलाची आई गोरीमोरी झाली. मी मनात म्हटलं, झालं, उठले आता हे लोक. पण मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "एकदा भावाशी भांडून जेवणाचं ताट भिरकावलं होतं. रिकामं होतं." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "चालेल." लग्न झालं. ताट अजून रिकामंच भिरकावतात, तेही वर्षातून एकदा, आणि नंतर स्वतःच उचलून आणतात.

आता सरांच्या चपलेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या चपलेनं घडवलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, कुठल्याही पुस्तकात ती सापडणार नाही. कागदावर बोअरची जागा कुठेही दाखवलेली असो, तिकाटणं लागतं झाडाखाली. कारण काम दिवसभराचं, ऊन मरणाचं, आणि घण ओढणारी माणसं शेवटी माणसंच. आमचे मुकादम तर जागेवर उतरले की आधी झाड शोधायचे, मग जमीन. "सायेब, दोन पावलं हिकडं घेतलं तर काय बिघडतंय?" ती दोन पावलं कधी कधी अर्धा एकर असायची. सर म्हणायचे, "मावळातल्या निम्म्या इमारती आंब्याखालच्या मातीवर हिशेब करून बांधल्यात. इमारत उन्हात, हिशेब सावलीत." झाड जिथे तग धरतं तिथली जमीन बहुतेकदा मूळची असते, बरी असते. म्हणजे आपण सगळ्यात चांगल्या जागी विचारपूस करायची आणि सगळ्या जागेला शहाणं ठरवायचं.

ह्यावर सरांनी काढलेला उपाय असा. जागेच्या मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे, गोल गोल फिरायचं, आणि उजव्या पायातली कोल्हापुरी काढून डोक्यावरून मागे भिरकावायची. पडेल तिथे बोअर. तिथे उकिरडा असो, काटे असोत, म्हशीचं डबकं असो. "चपलेला ऊन लागत नाही आणि तिला कुणाची ओळख नसते," ते म्हणायचे. मुकादम कपाळाला हात लावून बसायचे. एकदा चप्पल गवळ्याच्या गोठ्यात पडली आणि आम्ही दोन म्हशींच्या मध्ये बोअर घेतलं. म्हशी शांत होत्या, मुकादम नव्हते.

तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावी ह्याच चपलेपायी एक घोळ झाला. कंपनीच्या जागेशेजारी एका आबांचं शेत होतं. त्यांनी बांधावरून हा प्रकार पाहिला. पागोटं घातलेला पानाडी काठी घेऊन फिरतो आणि पाणी दाखवतो, हे त्यांना ठाऊक होतं. हा शर्ट-पँटवाला चपलेनं दाखवतोय, एवढाच फरक. संध्याकाळी ते नारळ घेऊन हजर. "सायेब, माज्या बी रानात एक डाव फेका की." सरांनी अर्धा तास त्यांना समजावलं, की हे पाण्याचं नाही, मातीचं आहे, ही विद्या नाही, उलट विद्या नसल्याची कबुली आहे. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय व्हय. फेका." सर वैतागले आणि सुटका करून घ्यायला त्यांनी चप्पल फेकली. आबांनी तिथे विहीर खणली. पाणी लागलं, आणि भरपूर लागलं.

मग काय विचारता! पार सोमाटण्यापर्यंत बातमी. लॅबच्या दारात नारळ. सर ओरडायचे, "अहो, एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही! शंभर विहिरी खणा, मग बोला!" लोक म्हणायचे, "खणतो की. तुमी फेकत ऱ्हावा." काकूंनी त्या वर्षी नारळ विकत आणला नाही.

आणि सरांच्या घराचा तडा. तो लोणावळ्यात कुणाला माहीत नव्हता असं नाही. मातीच्या तज्ज्ञाचा स्वतःचा बंगला, आणि त्याच्या भिंतीला स्वयंपाकघराच्या खिडकीपासून माडीच्या कोपऱ्यापर्यंत तिरका तडा! लोक तोंडावर बोलायचे नाहीत, पण रिक्षावालासुद्धा पत्ता ऐकला की "तो तड्याचा बंगला का?" असं विचारायचा. दुसऱ्या कुणी रंगाखाली दडवला असता. सरांनी त्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंत हलली की काच फुटते, म्हणजे कळतं. आल्यागेल्याला चहा द्यायच्या आधी तडा दाखवायचे. काकूंनी त्यात देवापुढची उदबत्ती खोचायची सोय करून घेतली होती. "ह्यांचा तडा आणि माझी उदबत्ती," त्या म्हणायच्या, "दोघांचं जमलंय."

तो कशानं पडला हे मात्र सरांनी कधी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर मला घण मोजायला बाहेर पाठवलं.

माझी मावशी कुरवंड्याची. माझी सख्खी मावशी, पण सगळ्या वस्तीची मावशीच. आमची बौद्ध वस्ती गावाच्या वरच्या अंगाला, आणि तिथे विहार म्हणजे पत्र्याची एक खोली होती. लोणावळ्याचा पाऊस माहीत आहे ना? दर पावसाळ्यात एक तरी पत्रा उडायचा. पत्रा उडाला की बुद्धाची मूर्ती मावशीच्या घरी यायची, वंदना मावशीच्या घरी व्हायची आणि अभ्यासाला बसणारी वस्तीतली सगळी पोरंही मावशीच्या पडवीत. मावशीचे यजमान गेल्यापासून ती एकटीच. तिच्याकडे एकच चांगलं सपाट भातखाचर होतं, वस्तीला लागून. तिने ते विहारासाठी देऊन टाकलं. खाली वंदनेचा हॉल, वर पोरांची अभ्यासिका. शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भाताऐवजी चुन्याच्या फक्क्या पडल्या. विहार उभा राहिला नाही, तर मावशीचं शेतही गेलं आणि विहारही गेला, एवढा सरळ हिशेब होता.

शिवाय मावशीची एक नणंद होती, नवलाख उंबऱ्याला दिलेली. तिच्या गावच्या विहाराला चकचकीत फरशी होती, आणि ती फरशी मावशीला प्रत्येक लग्नात ऐकावी लागायची. पायाभरणीला पौर्णिमा धरली, भन्तेजींना निमंत्रण गेलं, नणंदेला तर पहिलं.

मी सरांना म्हटलं, आमच्या मावशीचं काम आहे, बघाल का? सर म्हणाले, "चला." आम्ही जायच्या आदल्या दिवशीच मुकादम माणसं घेऊन गेले होते आणि त्यांनी सरांच्या आधी एक बोअर उरकलंही होतं. कुठे? खाचराच्या वरच्या कडेला, उंबराखाली. आकडे खणखणीत. विहार समितीचे अध्यक्ष खुशीत, मावशी खुशीत, पोहे तयार.

सर आले, उंबराकडे पाहिलं, मुकादमांकडे पाहिलं, मुकादमांनी आभाळाकडे पाहिलं. सर तिथून वळले. खाचराच्या मधोमध गेले, डोळे मिटले, गोल फिरले आणि चप्पल भिरकावली.

मावशी किंचाळली. "आगं बया! विहाराच्या जागंवर चप्पल?"

वस्तीतली सगळी माणसं उभी राहिली. सरांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. धावत गेले, चप्पल उचलली, दुसरीही काढली, दोन्ही खाचराबाहेर नेऊन ठेवल्या आणि हात जोडून मावशीसमोर उभे राहिले. "मावशी, चुकलं. माझ्या ध्यानातच आलं नाही. सवयीनं झालं."

"सवयीनं? तुमी घरात बी असंच फेकता व्हय?"

"हो," सर खरं बोलले.

मावशी जरा निवळली. पण आता फेकायचं काय? अध्यक्ष म्हणाले, टोपी फेका. सरांनी टोपी फेकली, ती वाऱ्याने उडून कुणाच्या तरी वालाच्या मांडवावर बसली. सर म्हणाले, "हे चालणार नाही. टोपी वाऱ्याच्या मर्जीनं जाते. म्हणजे पक्षपात आला." मावशीने बटाटा दिला. बटाटा पडला आणि गडगडत भलतीकडे गेला. सर म्हणाले, "हाही पक्षपाती." पोरं हसून लोळायला लागली. शेवटी मावशी तणतणत नळावर गेली, मातीत पाणी ओतून चांगला मोठा चिखलाचा गोळा वळला आणि सरांच्या हातात ठेवला. "हा घ्या. ह्यो पडंल तितंच चिकटून बसंल. हितलाच हाय, हितंच ऱ्हाईल." सरांनी गोळ्याकडे आणि मावशीकडे इतक्या आदराने पाहिलं की मला वाटलं, आता तिला नोकरीच देतात.

गोळा खाचराच्या खालच्या कडेला पडला, बांधाला दगड रचून केलेल्या तालाजवळ. मुकादमांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि भर उन्हात तिकाटणं लावलं. घण सोडायची वेळच आली नाही. नळी टेकवली आणि ती आपल्या वजनानेच भसकन आत गेली.

मला तेव्हाच कळलं होतं. डोंगरउतारावरचं खाचर करतात कसं? वरच्या अंगाची माती खणायची, खालच्या अंगाला ओढायची, पुढे दगड रचायचे. वरून सगळं सपाट, वर एकसारखं भात डुलतं. आत मात्र अर्धं खाचर मूळच्या मुरमावर आणि अर्धं कुठल्या तरी पणज्याने ओढलेल्या भुसभुशीत मातीवर. मावशीच्याच सासरच्या माणसांनी घाम गाळून ती माती तिथे आणली होती.

सरांनी आणखी चार गोळे टाकले. वर घट्ट, मध्ये बरं, खाली पोचट. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले, आकडेमोडीत पक्के. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. "पण साहेब, सरासरी तर चांगली येतेय!"

सरांचे कान लाल झाले. म्हणाले, "ह्या जागी, असा विहार होणार नाही. अर्धा उभा राहील आणि अर्धा बसेल. मी सही करणार नाही."

मावशीचा चेहरा पडला. मग तो संतापाने फुलला. पौर्णिमा तोंडावर, भन्तेजींना निमंत्रण गेलेलं, नणंद फरशीवर टिच्चून बसलेली. "सायेब," ती म्हणाली, "माजं एकच रान हुतं. त्ये मी दिलं. त्याच्यावर भात बी न्हाई आन् इहार बी न्हाई, मग मी काय बगत बसू? आन् तुमी आमाला काय शिकवताय? तुमच्या सोताच्या घराला हा एवढा तडा हाय. समदं लोणावळं सांगतंय!"

मी जमिनीत गेले. सर तसेच अनवाणी मावशीपाशी आले. मग म्हणाले, "खरं आहे, मावशी. चला, दाखवतो. आत्ताच चला."

जीपमध्ये सर, मी, मावशी आणि अध्यक्ष. काकूंनी दार उघडलं आणि सवयीने म्हणाल्या, "तडा बघायला ना? या. चहा टाकते."

सर मावशीला भिंतीपाशी घेऊन गेले. नेहमीसारखं व्याख्यान दिलं नाही. खिडकीतून मागच्या फणसाकडे बोट दाखवलं. "मावशी, तो फणस दिसतो ना? शिकून आलो होतो. नवीन पदवी, नवीन लग्न. ह्या जागेवर मी एकच बोअर घेतलं. त्या फणसाखाली. का तिथे? तर डबा खायला सावली होती म्हणून. आकडा छान आला. तो सगळ्या घराला लावला. ह्या कोपऱ्याखाली जुना ओढा बुजवलेला होता. मी इकडे आलोच नाही. इकडे ऊन होतं."

इतकी वर्षं मी त्या घरात वावरत होते आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. मला त्या चपलेचा अर्थ तेव्हा लागला, आणि फार वाईट वाटलं. आपण किती हसलो होतो ह्या माणसाला!

मावशीने तड्यात बोटं घातली. दोन बोटं आरामात गेली. तिने उदबत्तीची काडी पाहिली, काचेच्या पट्ट्या पाहिल्या. काकूंकडे वळून म्हणाली, "बाई, झोप लागती का वं हितं?"

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या भिंतीबद्दल त्या नेहमी चेष्टाच करायच्या. त्या दिवशी केली नाही. म्हणाल्या, "पावसाळ्यात नाही लागत. चाळीस पावसाळे झाले. दोन-चार कमी-जास्त."

मावशी पाटावर बसली, चहा बशीत ओतून प्यायली आणि बशी खाली ठेवून म्हणाली, "माज्या पोरास्नी तसल्या भिंतीखाली अभ्यासाला न्हाई बशिवणार मी. सायेब, काय करायचं त्ये सांगा."

करायचं ते तसं अवघड नव्हतं. विहार आडवा फिरवायचा. रस्त्याकडे तोंड करून खाचरभर पसरण्याऐवजी वरच्या कडेने, लांबीत, सगळाच्या सगळा मुरमावर बसवायचा. खालच्या पोचट भागात अंगण ठेवायचं, फुलझाडं लावायची. पण मग दार रस्त्याकडे येत नव्हतं, ते मावशीच्या शेळ्यांच्या गोठ्यासमोर येत होतं. समितीत ह्यावरून रणकंदन माजलं. एक जण म्हणाला, रस्त्यावरून जाणाऱ्याला पाठच दिसणार! नणंदेचा फोन आला: "म्हंजी आमी इहारात आधी शेळ्यांचं दर्शन घ्यायचं काय?" मावशी म्हणाली, "व्हय. त्या बी गुणाच्या हायेत, उगा बोलत न्हाईत." आणि फोन ठेवला. पायाभरणी पौर्णिमेलाच झाली, फक्त पुढच्या.

काम चालू असताना सर येत राहिले. दर वेळी चपला खाचराबाहेर. फी विचारली की कान लाल.

उद्घाटनाला आख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. नणंद आली, फरशी शोधत फिरली, ती होती, आणि तिच्या फरशीपेक्षा गुळगुळीत होती. सरांना मंचावर बोलावलं तर ते सापडेनात. सापडले विहाराच्या मागे, अनवाणी, भिंतीला कान लावून, बोटाच्या पेरांनी ठोकत. मावशी त्यांना शोधत तिथे आली, नव्या पांढऱ्या पातळात, हातात फुलांचा हार.

"जय भीम, सायेब. समदी थांबल्यात." मग तिने भिंतीकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. टिकंल न्हवं?"

मी शेजारीच होते. मी वाट पाहत होते, आता येणार: जमीन अशी, पाऊस तसा, अमुक वर्षं, तमुक कमी-जास्त. सरांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "टिकेल."

एवढंच. पुढे काही नाही. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने एखादी गोष्ट अशी मोकळी सोडली होती.

मावशीने हार हातातच धरून ठेवला. ती सरांकडे बघत राहिली, मग मान वाकडी करून म्हणाली, "आन् कमी-जास्त किती?"

सर हसायला लागले. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही हे मला आणि मावशीला दोघींनाही दिसलं. मावशीने हार त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "चला आता. ऊन लागतंय तुमाला."

सर म्हणाले, "लागू द्या, मावशी."